वरून बास्क, आतून स्पॅनिश: व्यक्तिमत्त्व प्रश्नावली बास्क भाषेत आणताना

‘ॲम द लाइफ ऑफ द पार्टी.’ आयपीआयपी नावाच्या, सगळ्यांना मोफत खुल्या असलेल्या विधानसंग्रहातलं हे बहिर्मुखतेचं विधान. चार माणसं जमली की रंगत आणणारा मी, एवढाच त्याचा अर्थ. स्पॅनिशमध्ये यासाठी तयार वाक्प्रचार आहे, ‘एल आल्मा दे ला फिएस्ता’, म्हणजे उत्सवाचा आत्मा. त्यामुळे हे विधान बास्कमध्ये करायला बसलेला माणूस हमखास लिहितो, ‘फेस्तारेन आरिमा नाइस’. शब्दाला शब्द: उत्सवाचा आत्मा आहे मी. कागद उलट-भाषांतरासाठी, म्हणजे परत इंग्रजीत आणण्यासाठी, दुसऱ्याकडे जातो, तो क्षणभरही न अडखळता ‘लाइफ ऑफ द पार्टी’ लिहून परत पाठवतो. मूळ आणि उलट-भाषांतर तंतोतंत जुळलं म्हणून समितीही समाधानी.

पण हे बास्क आहे कुठे? शब्द बास्क, वळण स्पॅनिश. भाषांतर करणाऱ्याला, उलटवणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला, तिघांनाही स्पॅनिश येतं, म्हणून कुणालाच ते खटकलं नाही. बास्क प्रश्नावलीच्या कामात नव्याने उतरणाऱ्याने सगळ्यात आधी हा सापळा ओळखायला हवा. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यात पाय न अडकण्यासाठीच आहेत.

आधी भाषा आणि माणसं

बास्क, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावाने एउस्कारा, स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर पिरेनीज डोंगरांच्या पश्चिम टोकाला बोलली जाते. आज बोलल्या जाणाऱ्या कुठल्याही दुसऱ्या भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. २०२१ च्या सामाजिक-भाषिक पाहणीत १६ वर्षं आणि त्यावरच्या लोकांत बास्क बोलणारे स्पेनमधल्या बास्क स्वायत्त प्रदेशात ३६.२ टक्के, नव्हारात १४.१ टक्के आणि फ्रान्सकडच्या भागात २०.१ टक्के होते. स्वायत्त प्रदेशात तिला १९७९ पासून सहराजभाषेचा दर्जा आहे, नव्हारात तो काही भागापुरता आहे आणि फ्रान्समध्ये मुळीच नाही. या तीन आकड्यांचा आणि तीन दर्जांचा नमुना निवडताना थेट संबंध येतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फक्त बास्क येणारा प्रौढ माणूस आज जवळजवळ सापडत नाही. प्रत्येकाच्या डोक्यात स्पॅनिश किंवा फ्रेंच आहेच. पाठ्यपुस्तकांतली ‘एकभाषिक नमुना घ्या’ ही सूचना इथे पहिल्याच दिवशी बाद होते.

बोलणाऱ्यांतही दोन जाती आहेत. घरातच बास्क शिकलेला तो एउस्काल्दुन साहार, म्हणजे जुना बास्कभाषिक. शाळेत किंवा एउस्काल्तेगी या प्रौढांच्या भाषावर्गांत शिकलेला तो एउस्काल्दुन बेरी, म्हणजे नवा. नव्याचं लेखन बहुतेकदा शुद्ध, प्रमाणभाषेतलं असतं. जुन्याच्या तोंडी बोली असते, आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात शाळेत गेलेल्या वडीलधाऱ्यांना बास्क वाचायचा सराव अनेकदा नसतो, कारण त्यांचं सगळं शिक्षण स्पॅनिशमध्ये झालं. अशा आजोबांसमोर छापील प्रश्नावली ठेवली, तर तुम्ही त्यांचा स्वभाव मोजत नाही, वाचनाचा सराव मोजता.

प्रमाणभाषेला एउस्कारा बातुआ म्हणतात, एकत्र केलेली बास्क. १९६८ मध्ये आरान्त्सासू इथल्या संमेलनात बास्क भाषा अकादमीने, एउस्काल्त्साइन्दिआने, भाषाशास्त्रज्ञ कोल्दो मिचेलेना यांच्या मांडणीवर तिचा पाया घातला. प्रश्नावली बातुआमध्येच लिहायची, यावर आता फारसा वाद नाही. वाद असतो तो कुठला शब्द घ्यायचा यावर. ‘बोलणे’ हीच साधी क्रिया घ्या: मध्यभागात हित्स एगिन, बिस्काइआ प्रांतात बेर्बा एगिन, फ्रान्सकडे मिन्त्सातु. बहिर्मुखतेच्या प्रश्नावलीत हे क्रियापद पाच-सहा वेळा येणार!

साधन निवडणं आणि परवानगी

इथे फार वेळ घालवू नका. नव्याने शिकणाऱ्याने आयपीआयपीपासून सुरुवात करावी. विधानं सार्वजनिक मालकीची आहेत, भाषांतराला परवानगी लागत नाही. नीओ पीआय-आर हे २४० विधानांचं साधन व्यावसायिक आहे, प्रकाशकाच्या लेखी संमतीशिवाय त्याला हात लावू नये. शिवाय त्याचं बास्क रूप आधीच झालेलं आहे. बास्क देश विद्यापीठातल्या गटाने केलेला त्याचा सप्रमाणता-अभ्यास, म्हणजे साधन जे मोजायचं तेच मोजतं का याची तपासणी, २०११ मध्ये युरोपियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल असेसमेंटमध्ये आला. काम सुरू करण्याआधी तो वाचाच. आपण जे करणार आहोत ते आधीच झालेलं नाही ना, हे बघण्यात आठवडा गेला तरी चालेल.

सोबत आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या, आयटीसीच्या, चाचणी-अनुकूलनाच्या सूचना वाचाव्यात. दुसऱ्या आवृत्तीत त्या १८ आहेत. त्याच कामातून २०१३ साली होसे मुन्यिस, पाउला एलोसुआ आणि रोनाल्ड हॅम्बल्टन यांनी स्पॅनिशमध्ये सूचना प्रसिद्ध केल्या. यांतल्या एलोसुआ बास्क देश विद्यापीठातल्याच, त्यामुळे त्या मजकुरामागे द्विभाषिक प्रदेशाचा अनुभव आहे.

भाषांतरकार कोण?

दोन स्वतंत्र भाषांतरं, मग तिसऱ्या माणसासोबत बसून एक मसुदा. इथवर सगळीकडे सारखंच. बास्कसाठी माझ्या तीन अटी आहेत. दोघांपैकी किमान एक जण जुना बास्कभाषिक हवा. समितीत एक माणूस फ्रान्सकडचा हवा, कारण त्याच्या डोक्यातली दुसरी भाषा स्पॅनिश नसते आणि स्पॅनिश वळण त्याला लगेच टोचतं. आणि पहिला मसुदा होईपर्यंत त्या साधनाची स्पॅनिश आवृत्ती कुणी उघडायची नाही. ही तिसरी अट सगळे मान्य करतात आणि जवळजवळ सगळे मोडतात, कारण ती आवृत्ती हाताशी असते आणि काम अर्ध्यावर येतं. त्यापेक्षा ती समितीच्या प्रमुखाने स्वतःकडे ठेवलेली बरी.

उलट-भाषांतर टाकून द्या असं मी म्हणत नाही. चुकून नकार गळला, ‘कधीकधी’चं ‘नेहमी’ झालं, असल्या गफलती ते पकडतं. पण जुळणी म्हणजे गुणवत्ता असं समजू नका. एखादं उलट-भाषांतर विचित्र आलं तर आधी बास्क वाक्य तपासा. ते अस्सल असल्यामुळेच विचित्र उलटलं असेल. ‘स्वतःला’ यासाठी बास्कमध्ये ‘नीरे बुरुआ’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘माझं डोकं’. मी स्वतःला अमुक समजतो, याचं शब्दशः उलट-भाषांतर ‘मी माझं डोकं अमुक पाहतो’ असं येईल. ते वाक्य बदलायचं कारण नाही.

विधान लिहिताना: खरं काम इथे

इंग्रजी प्रश्नावल्यांची एक लाडकी रचना असते: वर एकदाच ‘आय सी मायसेल्फ ॲज समवन हू…’ आणि खाली ४४ तुकडे. बीएफआय ही व्यक्तिमत्त्व प्रश्नावली तशीच आहे. बास्क वाक्यात क्रियापद शेवटाकडे येतं आणि विशेषणवाक्य नामाच्या आधी येतं, अगदी आपल्या ‘खूप बोलणारी व्यक्ती’सारखं. त्यामुळे वरचा अर्धा भाग वर ठेवून खाली तुकडे लटकवता येत नाहीत. तो तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी येतो. मराठीत करून पाहा, तीच अडचण. उपाय सरळ आहे. डोक्यावरचं अर्धं वाक्य काढून टाका आणि प्रत्येक विधान पूर्ण वाक्यात लिहा.

मग शब्दक्रम. बास्कमध्ये ज्यावर भर द्यायचा तो शब्द क्रियापदाच्या लगेच आधी येतो. ‘लांगिलेआ नाइस’ म्हणजे मी कष्टाळू आहे. पण स्पॅनिश ‘यो सोय त्राबाहादोर’च्या क्रमाने ‘नी नाइस लांगिलेआ’ लिहिलं, तर अर्थ होतो ‘कष्टाळू आहे तो मीच’. स्वभावाचं विधान उरलं नाही, बढाई झाली, आणि कर्तव्यदक्षतेच्या विधानावर बढाईला ‘सहमत’ म्हणायला माणूस कचरतो. गुणांक घसरतो आणि आपण सांख्यिकीत कारण शोधत बसतो. बहुतेक वेळा ‘नी’, म्हणजे ‘मी’, लिहायचीच गरज नसते. क्रियापदातच कर्ता दिसतो.

आता माझ्या आवडीचा भाग. ‘उर्दुरिआ नाइस’ म्हणजे मी चिंताग्रस्त स्वभावाचा आहे. ‘उर्दुरी नागो’ म्हणजे मी आत्ता बेचैन आहे. एकात इसान, दुसऱ्यात एगोन, दोन्ही ‘असणे’. आपल्याकडे ‘मी घाबरट आहे’ आणि ‘मी घाबरलो आहे’ यात जो फरक, तोच. गुणविशेष आणि तात्पुरती अवस्था यांतली सीमारेषा भाषेने आयती आखून दिली आहे, इंग्रजीला जी शब्द वाढवून आखावी लागते. पण थांबा. ही रेषा स्पेनकडच्या बास्कमध्ये ठळक आहे. फ्रान्सकडे एगोनचा वापर मुख्यतः ‘राहणे, थांबणे’ यासाठी होतो. ‘मी दमलोय’ हे दक्षिणेत, म्हणजे स्पेनकडे, ‘नेकातुता नागो’ आणि उत्तरेत, म्हणजे फ्रान्सकडे, ‘नेकातुआ नाइस’. म्हणजे उत्तरेतल्या वाचकाला ‘नाइस’ दिसलं की कायमचा स्वभाव आठवेलच असं नाही. भावनिक अस्थिरतेच्या विधानांवर दोन्ही बाजूंचे लोक वेगळं वागले, तर पहिला संशय इथे घ्या. साध्या वर्तमानकाळाने सवय सांगता येते, ‘एगितेन दुत’, मी करतो. गरज पडली तर ‘ओही’ घालून ‘करत असतो’ असंही म्हणता येतं. अवस्थेऐवजी सवयीच्या क्रियापदात विधान बसवलं, तर हा गुंता बराच सुटतो.

लिंगाच्या बाबतीत बास्क माणूस सुखी आहे. नामाला लिंग नाही, ‘तो’ आणि ‘ती’ वेगळे नाहीत. स्पॅनिशमध्ये ‘नेर्व्हिओसो’ पुढे तिरकी रेघ मारून ‘आ’ लावावा लागतो. मराठीत तर ‘मी करतो/करते’ असं प्रत्येक ओळीत मोडून लिहावं लागतं. बास्कमध्ये एकच वाक्य सगळ्यांना चालतं. लिंग डोकावतं ते फक्त जवळिकीच्या ‘ही’ या ‘तू’मध्ये. समोर पुरुष असेल तर ‘दुक’, स्त्री असेल तर ‘दुन’. सूचना लिहिताना ‘सु’ हे सर्वांना चालणारं संबोधन ठेवा म्हणजे हा प्रश्न येतच नाही. किशोरवयीन मुलांसाठी ‘जवळचं वाटावं’ म्हणून ‘ही’ वापरण्याचा मोह होतो. तो आवरा. अनेक तरुणांना ही रूपं नीट येत नाहीत, आणि काही ठिकाणी मुलींना ती उद्धट वाटतात.

विशेषणांची छटाही तपासायला हवी. ‘टॉकेटिव्ह’साठी शब्दकोश ‘बेरित्सु’ दाखवेल. पण त्यात बडबडीचा, चहाडीचा वास आहे. मराठीत ‘बोलका’ म्हणण्याऐवजी ‘बडबड्या’ लिहिण्यासारखं. अशा वेळी विशेषण सोडून वागणूक सांगा: ‘आस्को हित्स एगितेन दुत’, मी खूप बोलतो. ‘फेस्तारेन आरिमा’चंही तसंच. ‘लागुनार्तेआन गिरोआ अलाइत्सेन दुत’, मित्रमंडळींत मी वातावरण खुलवतो. हे कमी चमकदार आहे, मान्य. पण स्पॅनिशचा टेकू न घेता ते समजतं.

शब्द अडला तर एउस्काल्त्साइन्दिआचा शब्दकोश आणि एउस्काल्तेर्म ही संज्ञापेढी, दोन्ही ऑनलाइन आहेत. संज्ञापेढीत ‘बहिर्मुखता’ मिळेल. विधान लिहायला ती उपयोगाची नाही. बाजारात माणसं काय म्हणतात ते माणसांनाच विचारावं लागतं.

मोठ्याने विचार करायला लावा

दहा-पंधरा लोक घ्या: दोन्ही देशांतले, जुने आणि नवे बास्कभाषिक, एखादी आजी, एखादा कॉलेजातला पोरगा. प्रत्येक विधान त्यांना मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, हे वाचताना कुठला प्रसंग डोळ्यासमोर आला? ‘कळलं का?’ असं विचारू नका, कारण कुणीच नाही म्हणत नाही. दुसरा उपयुक्त प्रश्न: हेच तुम्ही घरी कसं म्हणाल? उत्तर देताना माणूस मध्येच स्पॅनिशमध्ये घसरला, तर त्या विधानापुढे खूण करा.

इथेच संस्कृतीही वर येते. ‘मेक फ्रेंड्स इझिली’ हे आयपीआयपीतलं साधं विधान घ्या. बास्क गावांत कुआद्रिया म्हणून प्रकार असतो. शाळकरी वयात जमलेली मित्रमंडळी, जी चाळिशी-पन्नाशीतही आठवड्याला एकत्र हिंडते, खातेपिते. त्यात नव्याने शिरणं अवघड, आणि आत असलेल्याला नवे मित्र करायची फारशी गरजही पडत नाही. अशा ठिकाणी एखादा अत्यंत माणूसवेडा गृहस्थ ‘मी सहज मैत्री करतो’ याला मधला पर्याय निवडू शकतो. म्हणून विधान काढून टाकायचं नाही. शंका लिहून ठेवायची आणि पुढे आकड्यांना विचारायची.

नमुना: अडचण हीच सोय

नवखा संशोधक इथे हमखास एक चूक करतो. बास्क माध्यमाच्या, म्हणजे ‘डी’ मॉडेलच्या शाळांतली मुलं बास्क आवृत्तीसाठी घेतो आणि स्पॅनिश माध्यमाच्या ‘ए’ मॉडेलची मुलं स्पॅनिशसाठी. मग दोन्ही गटांची तुलना करतो. पण कुठलं मॉडेल निवडायचं ते पालक ठरवतात. घरची भाषा, गाव, आर्थिक स्थिती सगळंच वेगळं. फरक आला तर तो भाषांतराचा की घराचा, हे कळायला मार्ग नाही.

त्याऐवजी सगळे द्विभाषिक आहेत याचा फायदा घ्या. दोन्ही भाषा सफाईने वाचणारे लोक गोळा करा आणि चिठ्ठी टाकून अर्ध्यांना बास्क, अर्ध्यांना स्पॅनिश आवृत्ती द्या. दोन्ही गट सरासरीने सारखेच, त्यामुळे विधानात दिसणारा फरक बराचसा विधानाचाच. जिथे सगळे एकभाषिक आहेत तिथे ही चैन नसते. दुसरा मार्ग: त्याच माणसाकडून दोन्ही आवृत्त्या, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, अर्ध्यांना आधी ही आणि अर्ध्यांना आधी ती. यात एक मेख आहे. द्विभाषिक माणूस भाषा बदलली की स्वतःचं वर्णनही थोडं बदलतो. स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिकांवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाइरान रामिरेस-एस्पार्सा आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात हे दिसलं होतं. तेव्हा दोन आवृत्त्यांत सरासरी थोडी हलली म्हणून लगेच भाषांतराला दोष देऊ नका.

प्रत्येकाकडून पहिली भाषा, शाळेची भाषा, रोजचा वापर आणि प्रांत विचारून घ्या. गावाचं नाव मात्र नको. एवढ्याशा भाषासमाजात गाव, वय आणि पेशा एकत्र आले की माणूस ओळखू येतो. घटक विश्लेषणासाठी, म्हणजे कुठली विधानं एकत्र गटात येतात हे पाहण्यासाठी, प्रत्येक भाषेत दोनशेच्या खाली जाऊ नये, तीनशे-चारशे मिळाले तर निवांत.

आकडेमोड

आकडेमोडीच्या मोफत ‘आर’ प्रणालीतली साइक, लावान आणि सेमटूल्स ही पॅकेजेस पुरतात. विश्वसनीयतेसाठी, म्हणजे विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगण्यासाठी, क्रॉनबाख अल्फा या गुणांकासोबत ओमेगाही द्या.

पंचघटकी, म्हणजे बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता असे पाच गुणविशेष मोजणाऱ्या प्रश्नावलीवर कडक पुष्टीकारक घटक विश्लेषण केलं, म्हणजे आधी ठरवलेली रचना माहितीत बसते का हे तपासलं, तर निर्देशांक बहुधा वाईट येतात. इंग्रजीतही येतात. सीएफआय, म्हणजे रचना माहितीत किती बसते याचा निर्देशांक, ०.९५ नाही आला म्हणून विधानं कापत सुटू नका. नाहीतर शेवटी एकाच अर्थाची तीन विधानं उरतात आणि निर्देशांक मात्र झकास. मूळ रचनेच्या दिशेने फिरवलेलं विश्लेषण करा आणि दोन्ही भाषांतले घटक किती सारखे ते सांगणारा टकरचा साम्य-गुणांक बघा. ०.८५ ते ०.९४ म्हणजे बऱ्यापैकी साम्य, ०.९५ च्या पुढे दोन्ही घटक एकच मानायला हरकत नाही.

मग मापन-समता, म्हणजे दोन्ही भाषांत सारखंच मोजलं जातं का, तीन टप्प्यांत: रचना तीच आहे का, विधानांचे भार, म्हणजे घटकाशी असलेले त्यांचे धागे, सारखे आहेत का, आणि सुरुवातीची पातळी, म्हणजे इंटरसेप्ट, सारखी आहे का. टप्प्यागणिक सीएफआय ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर कुठेतरी पाणी मुरतंय. तिसरा टप्पा ओलांडल्याशिवाय दोन्ही भाषांच्या सरासऱ्या शेजारी मांडायच्या नाहीत. अडणारी विधानं शोधली की मघाच्या शंकांच्या यादीकडे परत या. कुआद्रियाचं विधान त्यात आहे? नाइस-नागोचं? यादीत नसलेलं विधान अडलं, तर अजून चार जणांशी बोला. तपासणी फक्त बास्क विरुद्ध स्पॅनिश अशी नको. नमुना पुरेसा असेल तर जुने विरुद्ध नवे बास्कभाषिक हीही करा. माझ्या मते ती जास्त बोलकी, कारण तिथे कागद तोच असतो, वाचणारा बदलतो.

बाह्य सप्रमाणतेसाठी जवळच्या माणसाकडून त्या व्यक्तीचं वर्णन घ्या. तो जवळचा माणूस तिच्याशी बास्कमध्ये बोलणारा हवा.

लिहून ठेवा

प्रत्येक विधानाची वही ठेवा: मूळ, दोन्ही मसुदे, वाद, निर्णय आणि निर्णयाचं कारण. तीन वर्षांनी कुणी विचारेल की ‘आल्फेर’ऐवजी आळशीपणासाठी ‘नागी’ का घेतलं. उत्तर असं: पहिल्या शब्दाला ‘निरुपयोगी’ अशीही छटा आहे. ते तेव्हा कुणालाच आठवणार नाही. ही वही अहवालासोबत प्रसिद्ध करा, शक्य असेल तर बास्कमध्येच, म्हणजे ज्यांच्या भाषेत विधानं लिहिली त्यांना त्यावर हरकत घेता येईल. आणि दोनदा अडलेलं विधान तिसऱ्यांदा दुरुस्त करण्याऐवजी आयपीआयपीतून दुसरं उचला. तिथे तीन हजारांहून जास्त विधानं पडली आहेत.